उचलल्याची जागा

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत नाही. तू पाठवलेला मोबाइल कपाटात चार्जरसकट झोपलाय, त्यावरून रागावू नकोस. फोनवर तू ओरडतोस ते मला सोडून सगळ्या मजल्याला ऐकू येतं. शिवणाच्या कारखान्यात चाळीस मशीनींच्या मधोमध पंचवीस वर्षं बसल्यावर कुणाचे कान शाबूत राहणार? त्यापेक्षा पत्र बरं.

आमच्या गल्लीत सध्या कुत्र्यांवरून रण पेटलंय. मागच्या आठवड्यात चार कुत्री मागे लागली म्हणून कुरियरवाला गाडीवरून पडला. त्याचं कोपर सोलून निघालं. तिसऱ्या मजल्यावरची दोन पोरं भर उन्हात छत्री घेऊन शाळेत जातात. आमचे सेक्रेटरी अर्ज घेऊन दारोदार फिरताहेत, ‘सर्व कुत्री येथून कायमची हलवावीत’. सोळा सह्या झाल्या. माझ्याकडे ते एक दिवसाआड येतात आणि मी ऐकू न आल्यासारखं करते. बहिरेपणाचा एवढा उपयोग मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

आता खरं सांगते. माझ्या दुकानाच्या पायरीवर एक पांढरी कुत्री बसते. मी तिला खडू म्हणते, कापडावर खुणा करायच्या खडूसारखीच आहे, चपटी आणि कडेने झिजलेली. मी मान खाली घालून मशीनवर असते. गिऱ्हाईक आलं की ती उठून उभी राहते. ती उठलेली दिसली की मी दाराकडे बघते. पूर्वी बायका दोन-दोन हाका मारून परत जायच्या आणि मग गावभर सांगायच्या की ताईंना भारी शिष्टपणा आलाय. आता तसं होत नाही.

तुझी नोकरीच कुत्री पकडायची. तेव्हा तूच सांग, सही करू की नको?

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. त्या अर्जावर सही करू नकोस, पण नुसती गप्पही बसू नकोस. दुसरा अर्ज लिहा, ‘कुत्र्यांची गाडी पाठवा’ असा. गाडी येते, आम्ही जाळीने कुत्री धरतो, केंद्रावर नेतो. तिथे पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन होतं, पिसाळू नये म्हणून लस टोचतात, ओळखीसाठी कानाचं टोक कापतात. तीन-चार दिवसांनी सोडून देतात. प्रत्येक कुत्र्याचा एक फॉर्म असतो आणि त्यात ‘उचलल्याची जागा’ असा रकाना असतो. त्यात जे लिहिलंय, तिथेच कुत्रं परत सोडायचं. दुसरीकडे नाही. गल्ली रिकामी केली की बाहेरची, बिनलशीची कुत्री आठवड्याभरात येऊन बसतात, आणि उचलून नेलेलं कुत्रं परक्या ठिकाणी घाबरून कुणालाही चावतं.

लोकांची भीती खोटी नाही हो ताई. इथे एका सहा वर्षांच्या मुलीच्या गालाला नऊ टाके पडले. मी तिला पाहिलं. तेव्हापासून शहरभर तणातणी आहे. जाळी घेऊन उतरलो की गल्लीतले अर्धे मला खाटीक म्हणतात आणि उरलेले अर्धे कुत्र्यांचा जावई. चहासुद्धा गाडीत बसून पितो.

तुला मात्र हात जोडून सांगतो, दारावरच्या कुत्रीचे लाड पुरे. एकटी राहतेस, ऐकू येत नाही, त्यात हे. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. मशीन इथे आणू. विचार कर. दर वेळी या वाक्यावर तुझं पत्र दुसऱ्याच विषयावर जातं, ते माझ्या लक्षात येतं.

आणि कधी दात लागलाच तर लगेच पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. मलम नाही, पट्टी नाही, उद्या बघू नाही.

तुझा बारक्या

१७ फेब्रुवारी

बारक्या,

तू तर आमच्या गल्लीत मोठा माणूस झालास! तुझं पत्र मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. माझा आवाज मला कळत नाही, त्यामुळे तो रस्त्यापर्यंत गेला असं म्हणतात. सगळ्यांना पटलं. सेक्रेटरींना तर इतकं आवडलं की त्या फॉर्मच्या रकान्याचा भाग त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग त्यांनी स्वतःच गाडीचा अर्ज लिहिला आणि पहिली सही मी केली. माझा भाऊ या खात्यात आहे म्हणून मला मधल्या खुर्चीवर बसवलं होतं.

आता एक किरकोळ गोष्ट विचारायची आहे. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना चार दिवसांपूर्वी एका कुत्र्याचा दात लागला. चावली असं काही म्हणता येणार नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर दोन ठिपके, बस. त्यांनी लगेच मशीनचं तेल लावलं, रक्त थांबलं. बोट जरा सुजलंय, अंगुस्तान चढत नाही इतकंच. त्यांचा प्रश्न असा, की कुत्रं ओळखीचं असेल आणि चूक माणसाची असेल, तरीसुद्धा सुया घ्याव्याच लागतात का? दवाखान्यात कुठलं कुत्रं म्हणून विचारतात का? आणि मग त्या कुत्र्याचं काय करतात?

सावकाश कळव, त्यांना घाई नाही.

इकडे हवा छान आहे. मी परवाच दोन पडदे पुरे केले.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ताई,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. आमच्या खालच्या घरातले ड्रायव्हर रोज तुमच्याकडे बस नेतात, त्यांच्या हातात देतोय. तू वाचेपर्यंत ते दारातून हलणार नाहीत आणि वाचून झालं की तुला दवाखान्यात नेतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ते फार सज्जन आहेत, पण मी त्यांना शपथ घातली आहे.

मास्तरीणबाई शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान घालून फळ्यावर लिहितात का गं? त्यांच्या घरात मशीनचं तेल कुठून आलं? शिवणारी बाई खोटं बोलायला बसली की असंच व्हायचं! आणि अक्षर बघ तुझं, सगळ्या ओळी उतरणीला लागल्यात. सुजलेल्या बोटाने लिहिलंस ना?

आज सात दिवस झाले ताई. या रोगाला औषध नाही. सुया आधी घेतल्या तर माणूस वाचतं, रोग सुरू झाल्यावर नाही. मी खात्यात सोळा वर्षं आहे, हे एक वाक्य मी दिवसातून दहा वेळा लोकांना सांगतो आणि माझ्याच बहिणीला पत्रातून सांगायची वेळ यावी?

खडूच ना ती? तिला कुणी काही करणार नाही. उलट तिला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायची असते. चावल्यापासून दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं, तर त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजतात. तेव्हा गाडी आलीच तर ‘इतक्यात नेऊ नका’ म्हणून सांग. सुया मात्र तिच्यासाठी थांबवायच्या नाहीत.

सेक्रेटरींचा नंबर माझ्याकडे आहे. त्यांना फोन केला तर तू माझ्याशी जन्मभर बोलणार नाहीस, म्हणून केला नाही. ड्रायव्हर परत येऊन ‘ताई गेल्या नाहीत’ म्हणाले, तर मात्र करीन.

शाळेत लस टोचायला आले तेव्हा मी पळालो होतो. लाकडांच्या ढिगामागून मला मानेला धरून तूच आणलंस आणि टोचून होईपर्यंत दंड सोडला नाहीस. पकडायचं काम मी तुझ्याकडूनच शिकलोय. आता तू पळू नकोस.

बारक्या

२१ फेब्रुवारी, दुपार

बारक्या,

तुझा ड्रायव्हर दारात उभा राहिला तेव्हा दुकानात अंधारच झाला. एवढा मोठा माणूस आणि टोपी हातात धरून असा अवघडलेला, की मला वाटलं कुणीतरी गेल्याची बातमी आणली. वाचेपर्यंत पाण्याला शिवला नाही. मग दवाखान्यात माझ्या शेजारी बसून राहिला. डॉक्टरीणबाईंनी दंडात एक सुई दिली आणि बोटाभोवती तीन-चार टोचल्या. मी खूप ओरडले म्हणे. मला काही ऐकू आलं नाही, पण ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

कबूल करते. मीच ती. टाचणीही माझीच. झाडताना एक राहिली असणार, ती खडूच्या पंजात घुसली. ती तीन पायांवर आली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. एवढा विश्वास टाकला तिने. मी उपटायला गेले तर टाचणी आत वाकलेली, जोर लावला, तिला कळ आली आणि तिने बोट धरलं. लगेच सोडलंही. नंतर कोपऱ्यात जाऊन अशी बसली की तिलाच चावलंय. आता सांग, हे मी कुणाला सांगणार होते? सतरावी सही तिच्याविरुद्ध माझ्या बोटाची झाली असती.

पण तुझं पत्र उशिरा आलं रे. गाडी परवाच येऊन गेली. पाच कुत्री नेली, त्यात खडू पहिली, कारण ती पळालीच नाही. जाळी घेतलेला माणूस आला तेव्हा ती माझ्या गिऱ्हाइकासाठी उठते तशी उठून उभी राहिली. मी दारातच होते. मला वाटलं, बारक्याच्या खात्यातली माणसं आहेत, चार दिवसांत आणून सोडतील.

डॉक्टरीणबाईंनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून सांगितलं, आठ दिवस उशीर झालाय, सगळ्या सुया वेळेवर घ्यायच्या, आणि ते कुत्रं जिवंत आणि बरं आहे हे कुणीतरी बघून यायलाच हवं. मग घरी येऊन बसले. पायरी रिकामी आहे. भीती वाटते बारक्या, खोटं का बोलू.

पत्र ड्रायव्हरजवळच देते आहे. यावेळी त्याला दोन वेळा पाणी पाजलं.

तुझी ताई

२२ फेब्रुवारी

ताई,

सुई घेतलीस, माझा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेल्या अर्ध्यासाठी सकाळीच तुमच्या केंद्रावर फोन लावला. खडूचं ऑपरेशन झालं, ती ठणठणीत होती आणि तिला आज पहाटे सोडलं. तुमच्या गल्लीत नाही. पाचही फॉर्मवर उचलल्याची जागा लिहिलीय ‘जुन्या गोदामांमागचं मैदान’. गाडीबरोबर तुमचे सेक्रेटरी होते, त्यांनीच सांगून लिहून घेतलं. गाडीवाल्यांनी निमूट लिहिलं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे.

मीटिंगमध्ये पत्र वाचलंस म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस. युक्ती ते माझ्या पत्रावरून शिकले, आणि मला ती त्यांच्या आधीपासून येते. हे तुला सांगितलं नव्हतं.

गालाला टाके पडलेल्या त्या मुलीचा बाप माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, दादा, परत इथे सोडू नका, पोरगी खिडकीतसुद्धा उभी राहत नाही. मला नाही म्हणवलं नाही. त्या गल्लीतली बारा कुत्री मी उचलली आणि बाराही फॉर्मवर शहराच्या दुसऱ्या टोकाची जागा लिहिली. आठवड्याच्या आत त्यातलं एक तिथे एका म्हाताऱ्या रद्दीवाल्याला चावलं. कुत्रं तरी काय करणार, त्याला तिथलं काही ओळखीचं नव्हतं. रद्दीवाल्याला पाचही सुयांना मीच घेऊन गेलो. तो मला देवमाणूस म्हणतो. प्रत्येक वेळी म्हणतो. मला जेवण जात नाही.

म्हणून सेक्रेटरींवर ओरडायला माझं तोंड नाही. त्यांच्याकडेही कुणीतरी हात जोडून आलं असेल.

रजेचा अर्ज टाकलाय. मंजूर होवो न होवो, उद्याच्या बसने येतोय. तुझी दुसरी सुई परवा आहे, ती आधी, मग मैदान.

बारक्या

६ मार्च

बारक्या,

तू गेल्यापासून घर मोठं वाटतंय. चार दिवस तू जमिनीवर झोपलास आणि चाळा करता करता माझ्या मापाच्या टेपला तीन गाठी मारून गेलास, त्या आत्ता सोडवल्या.

त्या मैदानाची आठवण रोज येते. दोन दिवस तू नुसता उलट्या पेटीवर बसून होतास, हाक नाही, शीळ नाही. मला राग येत होता. तू म्हणालास, घाबरलेल्या कुत्र्याच्या मागे जायचं नसतं, त्याला आपल्याकडे यायला वेळ द्यायचा असतो. पण ती येईना. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी छत्री घेऊन आले आणि लांब उभे राहिले. तू त्यांना काय सांगितलंस ते तू पाठमोरा असल्यामुळे मला कळलं नाही. त्यांचे ओठ तेवढे वाचता आले. ‘माझा नातू घाबरून पायजमा ओला करतो हो,’ असं ते म्हणाले. मग तेही एका पेटीवर बसले.

तेव्हा मला सुचलं. रोज सकाळी दुकान उघडल्यावर मी मोठी कात्री चार वेळा रिकामी चालवून बघते, धार बरी आहे का म्हणून. मी पिशवीतून कात्री काढली आणि वाजवत चालू लागले. मला तिचा आवाज येत नाही, उत्तर आलं तरी कळणार नव्हतं. म्हणून मी उलटी चालत होते, तुझ्या तोंडाकडे बघत. सेक्रेटरींना वाटलं असेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. आणि मग तुझा चेहरा बदलला. बारक्या, तू पाच वर्षांचा असताना तुझा चेहरा असा व्हायचा. तेव्हा मला कळलं की कुठूनतरी ती भुंकली.

चावल्यापासूनचा तेरावा दिवस होता तो. कान कापलेला, मांडीवर ओरखडे, पोट खपाटीला, पण पाणी प्यायली, मला चाटलं आणि सेक्रेटरींवर गुरगुरली. तू तिथेच चिखलात बसून रडलास. मी बघितलं नाही असं दाखवलं होतं, पण बघितलं.

मागच्या आठवड्यात तिसरीही सुई झाली. आता दोन राहिल्या. बाकीच्या चारांपैकी दोन कुत्री सेक्रेटरींनी स्वतः गाडीत बसून परत आणली. दोन सापडली नाहीत. त्यांचा नातू आता खडूकडे जिन्याच्या चौथ्या पायरीवरून बघतो. त्याच्या खाली उतरत नाही, आणि मी उतर म्हणत नाही.

एक राहिलंय. जाताना तू पुन्हा मागच्या खोलीचा विषय काढलास आणि मी भांडी आपटली. आता लिहूनच टाकते. चावल्याचं मी लपवलं ते सगळं खडूसाठी नव्हतं. मला वाटलं, तुला कळलं तर म्हणशील, बघ, हिला एकटीला जमत नाही. आणि मला उचलून नेशील, प्रेमाने नेशील, माझं कौतुकही करशील, आणि त्या खोलीत मला कुठली बाई कुठल्या वेळी दळायला जाते हेसुद्धा माहीत नसेल. इथे मला ऐकू येत नाही, पण सगळं कळतं. तिथे काहीच कळणार नाही. या भीतीपायी मी जीव धोक्यात घातला, हे तुला सांगायला लाज वाटते. पण तू बारा कुत्र्यांचं सांगितलंस, मग मी हे का झाकून ठेवू?

रागावला असशील तर रागावून का होईना, पण लिही.

तुझी ताई

१२ मार्च

ताई,

रागावलो नाही. तुझं पत्र तीन वेळा वाचलं.

आधी कामाचं. साहेबांसमोर बारा फॉर्म ठेवले आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी मेमो दिला आणि महिनाभर जाळी काढून घेतली. त्या मुलीच्या बापालाही भेटलो. त्याला म्हटलं, कुत्री परत आणणार आहे, पण लस टोचलेली, आणि पहिले पंधरा दिवस मुलीच्या शाळेच्या वेळी मी स्वतः गल्लीत उभा राहीन. त्याने दार लावून घेतलं. त्याचं चूक नाही. तरी मी रोज उभा राहतो. बारातली पाच सापडली आहेत. काल ती मुलगी बापाच्या खांद्यावरून पहिल्यांदा रस्त्याकडे बघत होती.

आता मागच्या खोलीचं. तुला न सांगता मी ती मागच्या वर्षीच रंगवून घेतली होती. खिडकीखाली मशीनसाठी जागा सोडली, भिंतीत दिवा बसवला, दारावरची बेल दाबली की पेटणारा. फार हुशारी केली असं वाटत होतं. तू येशील, तुझी काळजी मिटेल, असं सगळ्यांना सांगत होतो. तुझ्याकडे चार दिवस राहिलो तेव्हा लक्षात आलं की तुला काहीच कमी नाही. शेजारच्या वहिनी वाटेल त्या वेळी येतात, मास्तरीणबाई वरून टोपली सोडतात, सेक्रेटरीसुद्धा भांडायला का होईना पण रोज येतात. तुझी भावजय गेल्यापासून माझ्या दारात पाच वर्षांत ड्रायव्हर सोडून कुणी आलेलं नाही. काळजी तुझी नव्हती गं. सोबत मला हवी होती. तू बहिरी आहेस, एकटी आहेस, असं म्हणणं सोपं होतं म्हणून म्हणत राहिलो. माफ कर.

ती खोली मी ड्रायव्हरच्या आईला देतोय. तिलाही कमी ऐकू येतं, दिवा कामी येईल.

तुमच्या केंद्रावरच्या डॉक्टरांचं पत्र आलंय. त्या तीन दिवसांत मैदानावरून जाता-येता त्यांनी मला पेटीवर बसलेलं पाहिलं होतं. म्हणतात, जाळी कमी आणि धीर जास्त असलेला माणूस हवाय, बदलीसाठी अर्ज करा, मी शिफारस लिहितो. अर्ज लिहून तयार आहे, अजून पाठवला नाही. मी तिथे आलो तर तुझ्या घरात नाही राहणार, तुझ्या टेपला गाठी बसतील. पण त्याच गल्लीत असावंसं वाटतं.

तेव्हा तुझ्या सेक्रेटरींना एकदा विचारून ठेवशील का, तुमच्या बिल्डिंगमध्ये कुत्रेवाल्याला खोली देतात का म्हणून?

तुझा बारक्या